दर किलोमीटरला साडेएकोणचाळीस

माझ्या पोटातून गोष्ट बाहेर पडत नाही. हे मी स्वतःच्या तोंडाने सांगत नाही, आमच्या खात्यात कुणालाही विचारा! म्हणून तर शहरातले बसमार्ग खासगी मालकांना चालवायला द्यायचं ठरलं, तेव्हा निविदेचं सगळं काम मोठ्या साहेबांनी माझ्याकडे सोपवलं. “दुसरा कुणी असता तर चहा थंड व्हायच्या आत बोलून मोकळा झाला असता,” असं ते सगळ्यांसमोर म्हणाले. त्या दिवशी मी चहा मुद्दाम थंड करून प्यायलो.

काम तसं सरळ होतं. एका किलोमीटरला आपण किती रुपये घेणार, तो दर प्रत्येक बसमालकाने बंद पाकिटात घालून द्यायचा. ज्याचा दर सगळ्यांत कमी, मार्ग त्याचा. मेख एवढीच, की खात्याने आपला अंदाज आधीच काढून कुलपात ठेवलेला असतो आणि त्याच्या वर गेलेली पाकिटं बाद होतात. तो अंदाज काढला होता मी. साहेब आणि मी सोडून तो कुणालाच ठाऊक नव्हता. त्यामुळे तो आकडा कळावा म्हणून तिन्ही बसमालक माझ्या तोंडाकडे डोळे लावून बसले होते.

पहिला पैलवान. कुस्ती त्याने कधी खेळली नाही, पण तो बसला की आमच्या खात्याची खुर्ची कण्हते. दुसरे मिशीवाले. ते बोलायच्या आधी मिशीला पीळ देतात, आणि बरेचदा तेवढ्यावरच भागवतात. तिसऱ्या वहिनी. त्या शाळांच्या बस चालवतात आणि स्वतःच्या ड्रायव्हरांना शाळेतल्या पोरांसारखं झापतात. त्या कुणाच्या वहिनी ते माहीत नाही, पण सगळं शहर त्यांना वहिनीच म्हणतं.

मी ठरवलं, निविदा उघडेपर्यंत खात्याबाहेर आकडाच उच्चारायचा नाही. कुठलाच! काय सांगावं, आपण बोलतो एक आणि लोक धरतात भलतंच.

“अहो, आज किती वाजता येणार?” बायकोने विचारलं.

“अंधार पडल्यावर.”

“आणि रविवारी तुमचे किती मित्र जेवायला येणार आहेत?”

“बरेच.”

“बरेच म्हणजे?”

“ताटं कमी पडणार नाहीत एवढे.”

बायकोने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. त्याच आठवड्यात आत्याचा फोन आला. “काय रे, लेक आता कितवीत गेली?” मी म्हटलं, “गेल्या वर्षीच्या पुढच्या वर्गात.” आत्याने बायकोला फोनवर बोलावून घेतलं आणि दोघी बराच वेळ हळू आवाजात बोलत होत्या. मी मनावर घेतलं नाही. कर्तव्य म्हटलं की थोडं सोसावं लागतंच.

पण घात व्हायचा होता तो पँटमुळे झाला.

निविदा उघडताना वर्तमानपत्रवाले फोटो काढणार होते. बायको म्हणाली, “त्या जुन्या पँटमध्ये खाली बसलात, तर पाकिटांच्या आधी तीच उघडेल. नवीन शिवून घ्या.” म्हणून मी आमच्या नेहमीच्या टेलरकाकांकडे गेलो. काकांनी गळ्यातली टेप काढून माझ्या कमरेभोवती फिरवली, चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि तोंड उघडलं.

“बोलू नका!” मी म्हटलं.

“अहो, पण लिहायला तर पाहिजे. बेचा...”

आता तुमच्यापासून काय लपवायचं? लग्नात माझी कंबर चौतीस होती. गेली काही वर्षं मी ती साडेएकोणचाळीसवर धरून ठेवली होती. म्हणजे मनात. दुकानात दोन-चार गिऱ्हाईकं बसलेली. मी काकांच्या कानाशी वाकलो आणि सांगितलं, “साडेएकोणचाळीस लिहा. आणि कुणाला बोलू नका.”

“पँट बसायची नाही, साहेब.”

“तुम्ही लिहा तर! बाकीचं मी बघतो.”

मला वाटलं, पोट आत घेतलं की काम झालं. आकडा न उच्चारण्याचं व्रत मोडलं हे माझ्या लक्षातही आलं नाही. स्वतःची कंबर कुणी आकड्यात धरतं का?

पुढचं मला नंतर कळलं. शहरातल्या झाडून सगळ्या ड्रायव्हर-कंडक्टरांचे गणवेश टेलरकाकाच शिवतात. त्याच दिवशी पैलवान आपल्या माणसांचे गणवेश न्यायला गेला. मला दुकानातून बाहेर पडताना त्याने लांबून पाहिलं होतं.

“काय काका, साहेब येऊन गेले वाटतं? काय म्हणाले?”

काका भोळा माणूस. त्यांच्या डोक्यात पँटच होती. ते म्हणाले, “काय म्हणणार! म्हणाले, साडेएकोणचाळीस लिहा आणि कुणाला बोलू नका. मी सांगितलं बसायचं नाही, तर म्हणाले, बाकीचं मी बघतो.”

पैलवान म्हणे उभ्या उभ्या गणवेशांचे पैसे चुकते करून गेला. एरवी तो उधारी ठेवणारा. मग मिशीवाले आले, मग वहिनी आल्या. प्रत्येकाने पैलवानाने पैसे रोख का दिले ते विचारलं आणि प्रत्येकाला काकांनी तेच सांगितलं. प्रत्येकाला वर हेही बजावलं, की कुणाला बोलू नका. त्या तिघांनी मात्र शब्द पाळला. एकमेकांनाही बोलले नाहीत!

निविदा उघडायच्या दिवशी सकाळी नवी पँट आली. मी श्वास रोखला, बायकोने दोन्ही बाजूंनी ओढली, लेकीने काजातून बटण घालायचा प्रयत्न केला. शेवटी मी जुनीच पँट घातली आणि खाली बसायचं नाही असं ठरवून खात्यात गेलो.

साहेबांनी पहिलं पाकीट फोडलं. पैलवान, साडेएकोणचाळीस रुपये. दुसरं फोडलं. मिशीवाले, साडेएकोणचाळीस रुपये. तिसरं फोडलं. वहिनी, साडेएकोणचाळीस रुपये. फोटोग्राफरसुद्धा कॅमेरा खाली करून बघत राहिला.

साहेबांनी वर्तमानपत्रवाल्यांना बाहेर काढलं, दार लावलं आणि तिघांना समोर उभं केलं.

“आकडा कुणी दिला?”

पैलवान जमिनीकडे बघू लागला. मिशीवाल्यांनी मिशीचं टोक तोंडात धरलं. वहिनी तेवढ्या स्पष्ट बोलल्या. त्यांनी माझ्याकडे बोट केलं. “यांनीच टेलरकाकांना लिहायला सांगितला ना? आणि बाकीचं मी बघतो म्हणाले ना? मग आता बघा म्हणावं!”

माझी पाचावर धारण बसली. खात्याचा आकडा फोडणं म्हणजे सरळ निलंबन, आणि वर चौकशी. इतक्या वर्षांची स्वच्छ नोकरी माझ्या डोळ्यांसमोर गटांगळ्या खायला लागली.

“साहेब,” मी त्यांच्या कानाशी वाकून, त्या तिघांना ऐकू जाणार नाही असं कसंबसं म्हटलं, “आपला अंदाज तर अडतीसचा आहे! मी फोडला असता तर यांनी अडतीस नसतं का लिहिलं?”

साहेब माझ्याकडे बघतच राहिले. “म्हणजे फोडलात तोही चुकीचा?”

टेलरकाकांना बोलावणं गेलं. ते गळ्यात टेप घालूनच आले. हो, या साहेबांनी सांगितलं, असं माझ्याकडे बोट करून म्हणाले. हो, कानात सांगितलं. हो, कुणाला बोलू नका असंही म्हणाले. काका एकेक खरं बोलत होते आणि मी एकेक पायरी खाली जात होतो. आता दोनच वाटा होत्या: नोकरी घालवायची, नाहीतर अब्रू. घरी लेकीच्या शाळेची फी आठवली आणि मी अब्रू निवडली.

“साहेब, तो दर नाही. ती माझी कंबर आहे.”

कोपऱ्यात आमचे लेखाधिकारी बसले होते. हा माणूस बेरजेशिवाय कशावरही विश्वास ठेवत नाही. ते म्हणाले, “मोजा.”

काकांनी मोजली. बेचाळीस.

“बघा!” लेखाधिकारी म्हणाले. “कंबर बेचाळीस आणि आकडा साडेएकोणचाळीस. म्हणजे तो आकडा कमरेचा नाही. बनाव आहे.”

आयुष्यात पहिल्यांदा, माझी कंबर मी म्हणतो तेवढीच असती तर किती बरं झालं असतं असं मला वाटलं. घरी फोन केला. बायको नवी पँट पिशवीत घालून घेऊन आली. येताना रिकाम्या हाताने आली असती तरी चाललं असतं, कारण दारातच तिने सगळ्यांना सांगून टाकलं. “आकडे बोलत नाहीत हो हे हल्ली. आणि बोलले की असं होतं. ह्या पँटला आज सकाळी आमचं अख्खं घर लागलं होतं.”

मी कपाटाआड जाऊन पँट चढवली आणि बाहेर आलो. बटण एकीकडे, काज एकीकडे, मध्ये मी. वहिनींनी सभ्यपणे खिडकीबाहेर पाहिलं. लेखाधिकारी उठून जवळ आले, काकांकडून टेप घेतली आणि बटणापासून काजापर्यंतचं अंतर स्वतः मोजलं.

“अडीच इंच,” ते म्हणाले. त्यांनी कागदावर साडेएकोणचाळीस लिहिले, खाली अडीच लिहिले, रेघ मारली. “बेचाळीस. हिशेब जुळतो. माणूस निर्दोष आहे.”

मला तर त्यांच्या गळ्यात पडावंसं वाटलं, पण पँट दोन्ही हातांनी धरलेली होती. साहेबांनी सुटकेचा निःश्वास टाकला. तिन्ही दर सारखेच निघाले एवढंच कारण सांगून पाकिटं बाद केली आणि पुन्हा निविदा काढायचं ठरलं.

इथे मी गप्प बसलो असतो तर ही गोष्ट संपली असती. पण बैठकीत काय झालं ते लिहून खात्याच्या फलकावर लावायचा नियम आहे. लेखाधिकारी लिहायला बसले तेव्हा मी त्यांच्याजवळ गेलो.

“तेवढा कंबर हा शब्द नको. येणारे-जाणारे सगळे वाचतात.”

“मग काय लिहू?”

“नुसतं आकडा लिहा ना. आपल्याला तर कळतंय.”

त्यांनी लिहिलं. दुसऱ्या दिवशी फलकावर लागलं: ‘बाहेर सांगण्यात आलेला आकडा साडेएकोणचाळीस होता. तथापि, खरा आकडा बेचाळीस असल्याचे समितीसमोर सिद्ध झाले.’

मी स्वतः दोनदा वाचलं आणि किती सभ्य लिहिलंय म्हणून खूश झालो. महिनाभराने पुन्हा पाकिटं उघडली. पैलवान, बेचाळीस रुपये. मिशीवाले, बेचाळीस रुपये. वहिनींचं पाकीट साहेबांनी उघडलंच नाही, नुसतं माझ्याकडे पाहिलं.

आता तिसऱ्यांदा निविदा निघाली आहे, आणि माझी कंबर म्हणजेच खात्याचा दर, अशी तिन्ही मालकांची पक्की समजूत झाली आहे. या खेपेला साहेबांनी मला लेखी हुकूम दिलाय, की पाकिटं उघडेपर्यंत माझ्या कमरेला कुणी टेप लावायची नाही, त्याबद्दल मी कुठे बोलायचं नाही, आणि जमल्यास रात्रीचं जेवण कमी करायचं. टेलरकाकांच्या दुकानाच्या रस्त्यानेसुद्धा मी जात नाही. बायकोने परवा विचारलं, “थोडी तरी उतरली का हो?” मी म्हटलं, “सांगता येत नाही, गोपनीय आहे.” खोटं कशाला बोलू, एवढ्या वर्षांत हे उत्तर द्यायला मला कायद्याचा आधार कधी मिळाला नव्हता.

काल संध्याकाळी रस्त्यात पैलवान भेटला. तोंडभर हसला आणि भर रस्त्यात मला मिठी मारली. मला भरूनच आलं. म्हटलं, एवढं सगळं होऊनही माणसाने राग धरला नाही! बराच वेळ त्याने सोडलंच नाही. मग सोडलं, आणि दोन्ही हात तसेच गोल धरून, जरासुद्धा हलू न देता, घाईघाईने टेलरकाकांच्या दुकानाकडे चालू लागला.