नदीकाठच्या सडकेवर सुभानरावांच्या स्वारीची हकीकत

श्री. संथ वाहणाऱ्या आणि कोणासही घाई न करणाऱ्या नदीमातेस आधी नमन. मग तिच्या पाणथळीत दूरदेशींहून उतरणाऱ्या समस्त पाखरांस नमन. मग ऐकणारांस विनंती, की शके एकोणीसशे चाळीस, विलंबीनाम संवत्सरी, कार्तिकमासी एका राज्यात जे वर्तमान घडू लागले ते येणेप्रमाणे. राज्याच्या पूर्वेस नदीचे खोरे, तळहातासारखे सपाट, चढ नाही आणि उतार नाही. सरकारांनी तेथील पाखरांस अभय दिले आणि काठच्या सडकेवर मोटार, ट्रक, फटफटी यांस मनाई फर्माविली. वरल्या अंगास एक चौकी, खालल्या अंगास दुसरी चौकी, दोहींकडे लोखंडी दांडे आडवे पडले, आणि मधल्या सडकेवर पायी चालणारा व सायकलवाला एवढ्यांचाच हक्क राहिला. त्या राज्याच्या शहरात सुभानराव मोहिते राहात. उमर सगळी नळखात्यात गेली, आणि नोकरीवर जाणेयेणे सायकलवरून, ऊन म्हणू नये, पाऊस म्हणू नये. पेन्शनीत आले आणि मग त्यांस कंपवाताने धरिले. आधी उजवा हात कापू लागला, मग अक्षर मुंगीएवढे झाले, मग पाय थबकू लागले. उंबरठ्याशी यावे आणि पाऊल उचलूच नये, जणू कोणी भुईस चिकटविले. तेव्हां त्यांचे कुटुंब सगुणाबाई पुढे आपले पाऊल आडवे धरीत आणि म्हणत, "हं, हे ओलांडा." मग ते ओलांडीत. न्हाणीघर ते माजघर एवढी मजल, परंतु तीस लष्कर हलविण्याइतके सायास पडत, आणि पडता पडता सुभानराव बाईंवरच खेकसत, "ओढू नकोस! मी काय पोते आहे?" बाई स्वयंपाकघरात जाऊन पाण्याचा नळ सोडीत आणि नळाच्या आवाजात रडून घेत.

नळखात्यातले जुने स्नेही हुसेनभाई अत्तार, ते एके दिवशी भेटीस आले आणि सुभानरावांस हात देऊन अंगणात घेऊन गेले. भिंतीशी सायकल उभी होती. सुभानराव तिजकडे पाहात राहिले आणि म्हणाले, "हुसेन, मला हिच्यावर बसव." हुसेनभाई हसले. "रावसाहेब, चालता येत नाही आणि घोड्यावर बसणार?" "बसव म्हणतो ना." मग हुसेनभाईंनी सायकल तिरकी केली, पाय हातांनी उचलून पलीकडे टाकला, पाठीशी धरून थोडे लोटले; आणि काय सांगावे, ज्यांचे पाऊल उंबरठा ओलांडीत नव्हते ते सुभानराव सरळ गल्लीत निघाले आणि तोल यत्किंचितही गेला नाही. बाई कणकेच्या हातांनी दारात धावत आल्या आणि तोंडावर हात ठेवून उभ्या राहिल्या. गल्लीच्या तोंडाशी रिक्षा आडवी आली, राव थांबू शकले नाहीत, भाजीच्या गाडीवर गेले, आणि कपाळ फुटले. दवाखान्यात टाके घालता घालता डॉक्टर म्हणाले, "अशा रोग्यांत असे दिसते खरे. पाय चालणे विसरतात, पॅडल मारणे विसरत नाहीत. परंतु रहदारीत जाऊ देऊ नका." बाईंनी सायकलीस कुलूप घातले. तेव्हां हुसेनभाई बोलिले, "वहिनी, रहदारी नाही अशी सडक सरकारांनी करून ठेविली आहे. मी सोबत असेन. एक वेळ येऊन तर पाहा."

मग दर आठवड्यास स्वारी निघू लागली. वरल्या चौकीवर हुसेनभाईंनी रावांस खोगिरावर चढवावे, लोटून द्यावे, आणि आपण दुसऱ्या सायकलीने मागे राहावे. परंतु शेवटी कोणी धरणारे हवे, कारण रावांस उतरता येत नव्हते आणि उभे राहणे तर त्याहून कठीण. म्हणून सगुणाबाई रिक्षाने बाहेरल्या हमरस्त्याने खालल्या चौकीस जात आणि सडकेच्या मधोमध उभ्या राहात. तेथे झुंबरबाई म्हणून वनखात्याची शिपाई होती, ती म्हणाली, "मावशी, तुम्ही सरा, मी धरते, माझ्या अंगात जोर आहे." बाई म्हणाल्या, "मीच धरीन." दूरवर झाडांच्या सावलीतून सायकल येताना दिसे, राव ओरडत, "आवळून धर, ब्रेक मी दाबतो!" आणि बाई दोन्ही हात पसरून पुढे होत, एक हात दांड्यास, एक हात रावांच्या कमरेस, आणि सायकल त्यांच्या छातीशी येऊन थांबे. लग्नास इतकी वर्षे झाली, चारचौघांत त्यांनी नवऱ्याचा हात कधी धरिला नव्हता. परंतु एक गोष्ट बाईंनी पाहिली आणि ती तेव्हां कोणास सांगितली नाही. सडकेने येताना रावांचे तोंड तरण्या पुरुषाचे असे, डोळे उघडे, ओठांवर हसू. आणि बाईंनी धरून पाय भुईस लागला की ते सर्व मावळे, मुद्रा लाकडाची होई, हात कापू लागे. बाईंच्या मनात येई, मी यांस झेलते आहे की परत दुखण्याच्या हवाली करिते आहे? झुंबरबाई चहा आणून देई आणि बाईंस तो गोड लागत नसे.

पौषात एके सकाळी राव येताना दिसले, बाई पुढे झाल्या, तो राव ओरडले, "धरू नकोस!" बाईंस वाटले काही बिघडले. "अहो, असे काय?" "बाजूस हो, सगुणे, धरू नकोस!" त्या बाजूस झाल्या आणि राव त्यांच्या जवळून वाऱ्यासारखे गेले, चौकीपुढच्या मोकळ्या पटांगणात वळले, मग घिरट्या घालू लागले, एक, आणखी एक, आणि मोठ्याने हसत होते. हुसेनभाई मागून पोहोचले, तेही हसू लागले, झुंबरबाईने टाळ्या वाजविल्या. बाई मध्ये उभ्या आणि राव भोवती फिरताहेत. त्यांजकडे पाहता पाहता बाईंचे डोके भोवंडले आणि त्यांसही हसू आले. मग रावांचा दम सरला आणि ते हळूच म्हणाले, "आता धर." बाईंनी धरिले. त्या दिवशी घरी येईपर्यंत राव त्यांच्यावर एकदाही खेकसले नाहीत.

परंतु रोग थांबणारा नव्हता. पुढल्या वर्षी थंडीत हात मंदावले. एकदा राव येत होते, ओठ हालले पण आवाज निघाला नाही, आणि ब्रेक दाबण्यास बोटे वळली नाहीत. बाई हटल्या नाहीत. सायकल अंगावर आली, दोघेही सडकेवर आडवे झाले, आणि बाईंचे मनगट खाली येऊन मोडले. हुसेनभाई मागे राहिले होते, झुंबरबाई पाणवठ्याकडे गेली होती. राव बाईंच्या शेजारी कुशीवर पडले, त्यांस उठता येईना, हात लांबवून बाईंस स्पर्शही करता येईना, चार बोटे अंतर राहिले. पाणथळीत बदके चरत होती, त्यांनी मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. राव म्हणाले, "सगुणे, लागले का?" बाई म्हणाल्या, "नाही." "खोटे बोलतेस." मग राव रडू लागले, आणि मुद्रा लाकडाची असल्यामुळे नुसते पाणी वाहिले.

मनगट प्लास्टरात असता बाईंनीच विषय काढिला. "हुसेनभाई, बरे झाले की पुन्हा जाऊ. झुंबरबाई धरील." रावांचा आवाज तेव्हां कुजबुजण्याइतका उरला होता, ते म्हणाले, "नको. तू हटणार नाहीस." बाई म्हणाल्या, "तर मी येणारच नाही, घरी बसेन." राव शब्द गोळा करीत म्हणाले, "मग तिकडे पोहोचून काय करू?" इतके बोलिल्यावर तो विषय मिटला. सायकल हुसेनभाई आपल्या घरी घेऊन गेले, कारण बाईंस ती अंगणात पाहावेना.

मग माघात रावांस चाकांची खुर्ची आली. बाईंनी हुसेनभाईंस निरोप धाडिला, की मला मधली सडक दाखवा; इतके दिवस ये-जा केली, दोन टोके पाहिली, मधले काही पाहिले नाही. तिघे वरल्या चौकीतून निघाले. बाई खुर्ची लोटीत, हुसेनभाई आपली सायकल हाती धरून बाजूने चालत. दोहींकडे पाणी आणि बोरूचे बेट, सडक सरळ, दृष्टी जाईल तेथवर कोणी नाही, आपल्याच चाकांची कुरकुर ऐकू येई. एका ठिकाणी रावांनी बोट उचलिले. बाईंनी कान त्यांच्या ओठांशी नेला. "इथे मी घंटी वाजवीत असे." "कोणासाठी हो? इथे तर कोणी नाही." "कोणी नाही म्हणूनच. जन्मभर लोकांस बाजूस सारण्यासाठी वाजविली." बाई उभ्या राहिल्या. हुसेनभाई विचारिते झाले, "वाजवू का, रावसाहेब?" राव मानेने नको म्हणाले. पाण्यात करकोचे एका पायावर उभे होते, त्यांजकडे पाहात तिघे पुष्कळ वेळ राहिले. मग राव कुजबुजले, "परत फिरव. दमलीस." बाई म्हणाल्या, "मी दमले नाही," आणि पुढेच लोटीत गेल्या. खालल्या चौकीवरून झुंबरबाईने त्यांस येताना पाहिले आणि सवयीने सडकेच्या मधोमध हात पसरून धावत आली. बाई म्हणाल्या, "राहू दे गं. आता धरावे लागत नाही. मी थांबले की हे थांबतात." झुंबरबाईचे हात तसेच पसरलेले राहिले, ते तिने मग पदराखाली घेतले.

चैत्र लागण्याआधी सुभानराव निवर्तले. घरीच, दुपारचे, बाई औषध उगाळीत असता. हुसेनभाईंनी खांदा दिला, नदीस रक्षा सोडताना ते पाण्यात गुडघाभर उभे राहिले आणि निघेनात, तेव्हां बाईंनी हाक मारून त्यांस बाहेर बोलाविले. लोक म्हणाले, बाईंनी आता तरी सायकल शिकावी, यजमानांस तेवढेच बरे वाटेल. बाई शिकल्या नाहीत. गुडघे दुखतात म्हणाल्या, आणि ते खरेही होते. राज्य चालले आहे, सडकेवर मनाई कायम आहे, पाखरे येतात आणि जातात. एका गृहस्थाने चालणे गमावून थोडे दिवस वारा मिळविला, आणि एका बाईने तो आपल्या दोन हातांनी थांबविला, कारण कोणी थांबविले नसते तर ते गृहस्थ पडते. इतकाच या हकीकतीचा मतलब. जे कळले ते मांडिले, जे बाईंनी सांगितले नाही ते विचारिले नाही. इति.