खिडकीखालची वीतभर जागा

बालाघाट आणि माणतीर या दोन रेल्वे कंपन्यांचे विलीनीकरण नामंजूर झाल्याची बातमी मंगळवारी सकाळी आली आणि दुपारी दीड वाजता माझे पती जेवायला घरी आले. त्यांना वारून अकरा महिने झाले होते.

मंगळवार तसा साधाच होता. नळाला पाणी उशिरा आले, म्हणून मला कचेरीत पोचायला दहा मिनिटे उशीर झाला. मी कुरणे जंक्शनच्या रंगशाळेत कारकून आहे. कोणते इंजिन रंगायला आत आले, कोणते बाहेर गेले, याची नोंद ठेवायची आणि ड्रायव्हरांना बोलावण्याचे कॉल मेमो लिहायचे, हे माझे काम. ही नोकरी मला ह्यांच्या मागे अनुकंपा तत्त्वावर मिळाली. हे बालाघाट रेल्वेत ड्रायव्हर होते. इंजिन नंबर ४११७ घेऊन जात असताना सिग्नलला गाडी व्यवस्थित उभी करून हे केबिनमध्येच गेले. हृदयविकार होता.

आमचे कार्मिक अधिकारी हुपरीकरसाहेब आलेला फॅक्स हातात धरून आत आले आणि त्यांनी तो उभ्यानेच वाचून दाखवला. दोन्ही कंपन्यांना विलीनीकरणाची इतकी खात्री होती, की मंजुरी येण्याआधीच, वर्षापूर्वी, त्यांनी ४११७ धरून एकवीस इंजिने नव्या रंगात रंगवून घेतली होती. खाली जांभळा, वर पिवळा. बाजूवर पांढऱ्या अक्षरांत ‘बालाघाट’ आणि त्यापुढे तेवढीच मोकळी जागा. मंजुरी आल्यावर तिथे ‘माणतीर’ लिहायचे होते.

रंगशाळेचे दस्तगीर मिस्त्री तेव्हाच म्हणाले होते, “पत्रिकेवर नवरीचं नाव छापलं, नवऱ्याची जागा मोकळी. असल्या लग्नाला कोण येईल?”

आता हुकमात असे होते, की नामंजूर रंगाचे इंजिन कोणत्याच कंपनीचे नव्हते. जे कोणाचेच नव्हते ते रुळावर नव्हते. सबब त्या रंगात असताना त्या इंजिनांवर जे काही घडले ते घडलेले नाही.

अकरा वाजेपर्यंत त्या इंजिनांनी वर्षभरात पोचवलेली सिमेंटची पोती आणि कोळसा यार्डात परत येऊन पडला. दीड वाजता मी क्वार्टरवर गेले, तर हे दारात चपला काढत होते. हातात ड्रायव्हरची पत्र्याची पेटी होती.

“काय गं, कुलूप का लावलंस?” हे म्हणाले. “आणि माझे बूट कुठायत?”

बूट मी तेराव्यानंतर शेजारच्या वॉचमनला दिले होते. तसे मी सांगितले. मग बाकीचेही सांगितले. हे जेवता जेवता ऐकत होते. मधेच मान वर करून भिंतीवरचा आपला फोटो त्यांनी पाहिला.

“पासवरचा वाटतं?”

“हो. मोठा करून घेतला.”

“कॉलर वाकडी आलीय. हार काढ तेवढा, मुंग्या लागल्यात.” मग ताक पिऊन म्हणाले, “म्हणजे मी सध्या स्पेअरमध्ये. कॉल येईपर्यंत घरी.”

बुधवारी हुपरीकरसाहेबांनी मला खुर्ची दिली.

“सातपुतेबाई, अभिनंदन म्हणावं की काय, मला कळत नाही. परिपत्रकात त्याबद्दल काही नाही.”

“माझी नोकरी, साहेब?”

“तुमचे यजमान वारले नाहीत, त्यामुळे तुम्ही इथे लागला नाहीत. पण इंजिनं रंगवायची आहेत आणि कागद करायला दुसरं कोणी नाही. तात्पुरत्या राहा.” त्यांनी चष्मा पुसला. “तीन महिन्यांत सगळी एकवीस इंजिनं आपापल्या जुन्या रंगात गेली पाहिजेत. जुना रंग चढला की इंजिन पुन्हा त्या कंपनीचं. मग त्याच्यावर जे घडलं होतं तेही त्या कंपनीत घडलेलं धरायचं. मूळ तारखेपासून.”

“सगळं? ४११७ वरचंही?”

“सगळंच धरावं लागतं, बाई. निवडता येत नाही.”

आमच्या रंगशाळेत एक जुनी रीत आहे. केबिनच्या खिडकीखालची वीतभर जागा रंगारी रंगवत नाहीत. जो ड्रायव्हर ते इंजिन बाहेर काढणार, त्याने स्वतःच्या हाताने ती रंगवायची. तेवढी जागा कोरी असेल तर इंजिन रंगलेले धरत नाहीत. आणि ड्रायव्हर कॉल मेमो आल्याशिवाय घरून निघत नाही. मेमोवाला दारात येतो, ड्रायव्हर वहीत सही करतो, पेटी उचलतो. ह्यांनी सव्वीस वर्षांत कधी कॉलशिवाय उंबरा ओलांडला नाही आणि कॉल आल्यावर कधी तापाचेही कारण सांगितले नाही.

४११७ वर रोस्टरप्रमाणे ह्यांचेच नाव होते. निदान ती वीत ह्यांच्या हातून रंगू नये, म्हणून मी साहेबांना दुसरा ड्रायव्हर लावायला सांगितले.

“दुसरा कसा लावू?” ते म्हणाले. “सातपुते उपलब्ध आहेत. मधल्या काळात नव्हते, आता आहेत.”

गुरुवारी सकाळी रंगशाळेच्या फाटकाशी एक बाई येऊन बसली. तिचे नाव हौसा. त्रेसष्ट नंबरच्या फाटकावरच्या गेटमनची ती बायको. चार महिन्यांपूर्वी ओढ्याला पूर आला, रस्ता तुटला आणि तिला कळा सुरू झाल्या, तेव्हा जाणारे इंजिन थांबवून तिला केबिनमध्ये घेतले होते. मुलगी केबिनमध्येच झाली. इंजिन ४११७ होते. मुलीचे नाव वेणू ठेवले होते. मंगळवारी सकाळी हौसा तिला न्हाऊ घालायला उठली, तर झोळीत दुपटे तेवढे होते.

हुपरीकरसाहेबांनी तिला समजावले. गरोदरपण घरी झाले, ते कायम आहे, आणि ते पूर्णही झाले आहे. जन्म इंजिनात झाला, तो सध्या नाही.

“माझं दूध येतंय ना पण, साहेब,” हौसा म्हणाली.

साहेबांनी ते टिपून घेतले.

ती रोज येऊ लागली. दुपट्याची घडी मांडीवर ठेवून बसायची. इंजिने एकेक करून बाहेर जायची, तशी ती नंबर वाचायची. तिला आकडे येत होते, अक्षरे येत नव्हती. ४११७ दिवाळीच्या सुमारास आत आले. दस्तगीर मिस्त्रींनी ते आठ दिवसांत बालाघाटच्या हिरव्या रंगात पूर्ण केले. मन लावून केले. खिडकीखाली वीतभर पिवळे राहिले.

“ताई, मेमो काढा,” ते मला म्हणाले.

“काढते.”

तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच त्या जागेवर ब्रश फिरवला. सकाळी पाहिले तर रंग ओघळून खाली आला होता आणि वरचे पिवळे जसेच्या तसे होते. त्यांनी पुन्हा फिरवला, पुन्हा ओघळला.

“सातपुत्यांचाच हात मागतंय,” ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “ताई, माझी बायको गेली तेव्हा मला कोणी विचारलं नव्हतं, मेमो काढू का म्हणून. विचारलं असतं तर मी पण नाही काढला असता. पण ती बाहेर बसलीय, तिच्याकडं बघून सांगा मला.”

मी बाहेर गेले. हौसाला चहा दिला.

“तुमचं मालक बरं हायत का?” तिने विचारले.

“बरे आहेत.”

“जेवत्यात नीट?”

“हो.”

“मग बरं,” ती म्हणाली आणि चहा बशीत ओतला. तिच्या पोलक्यावर पुढे दोन ओले डाग होते. तिने पदर ओढून घेतला. “आमचं मालक म्हनत्यात, सातपुतेसायेब शब्दाचं पक्कं. कॉल गेला की हजर. म्हून मी कुणाला काय बोलत न्हाई. कॉल गेला असंल, येत्याल, असं म्हनते.”

मी कप घेऊन परत आत आले.

घरी हे पेटी भरून बसलेले असतात. दोन झेंड्या, कंदील, जास्तीचा शर्ट, डबा. डबा मी रोज सकाळी भरते आणि रोज संध्याकाळी धुते. वॉचमनने बूट परत आणून दिले. ते त्याने वापरलेले आहेत, पण हे पॉलिश करतात.

“अगं, बाकीच्या वीस इंजिनांचं झालं?” परवा ह्यांनी विचारले.

“झालं.”

“मग माझाच कॉल कसा येत नाही? रंग आला नाही का?”

“नाही आला.”

“हिरवा ना? बालाघाटचा हिरवा कधी कमी पडला नव्हता.” ह्यांनी दुसरा बूट पुसायला घेतला. “फाटकाशी कोणी बाई बसते म्हणे. मेमोवाला सांगत होता.”

“बसते.”

“कोणाची?”

“त्रेसष्टच्या गेटमनची.”

“कशाला?”

“तिचं काही काम आहे कचेरीत.”

“मग करून टाका की तिचं काम,” हे म्हणाले. “बाईमाणसाला असं बसवून ठेवू नये.”

मी हो म्हटले. ह्यांना वेणूचे मी सांगितलेले नाही. सांगितले तर हे मेमोचीही वाट बघणार नाहीत. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच कॉलशिवाय उंबरा ओलांडतील. वीतभर जागा रंगवायला ह्यांना पाच मिनिटे लागतात. मी पूर्वी पाहिले आहे; हे ब्रश वरून खाली एकदाच ओढतात, दुसरा हात द्यावा लागत नाही.

मुदत संपून नऊ दिवस झाले. हुपरीकरसाहेबांनी लेखी विचारणा केली आहे, मी तिला लेखी उत्तर दिले आहे. हौसा आजही आली होती. तिचे दूध आता आटत आले आहे, असे तिने मिस्त्रींना सांगितले.

मेमो मी लिहून ठेवला आहे. नाव, इंजिन नंबर, वेळ, सगळे भरले आहे. तो माझ्या टेबलाच्या डावीकडच्या खणात आहे. खाली माझी सही करायची राहिली आहे.