वसंतराव बाहेरगावी गेलेत

आमच्या समोरच्या फ्लॅटमधले नाना हिरडे, दारात अनोळखी पुरुष आला की आधी त्याचा डावा कान बघतात. कुरिअरवाला असो, गॅसवाला असो, "जरा उजवीकडे बघा," म्हणतात. तो बिचारा बघतो. मग नानांचा चेहरा पडतो आणि ते मुकाट्यानं सही करतात.

मी संशयी आहे, असं आमचे हे लग्नापासून म्हणत आलेत. पण अख्ख्या सावेडीत एवढ्या बिल्डिंगा असताना असला माणूस नेमका माझ्यासमोर राहायला यावा, यात माझा काय दोष?

नाना छापखान्यातून रिटायर झालेले, एकटेच राहतात. आता स्वतःच पुस्तकं काढतात. शेळीपालन, मधुमेहींचा आहार, शाळकरी मुलांची भाषणं, ठिपक्यांच्या रांगोळ्या. सगळ्यांवर लेखक एकच, वसंत गोविंद हिरडे, आणि पत्ता आमच्या बिल्डिंगचा. बिल्डिंगमध्ये वसंत नावाचं चिटपाखरू नाही! शेळ्या लिहिल्या वरच्या मजल्यावरच्या जनावरांच्या डॉक्टरांनी, भाषणं लिहिली शेजारच्या गल्लीतल्या शेखबाईंनी. त्यांना विचारलं तर म्हणतात, "नानांनी मागितलं, दिलं." बाजाराच्या दिवशी नाना स्कूटरला गठ्ठा बांधतात आणि पारनेर नाहीतर राहाता गाठून स्टँडवरच्या स्टॉलला ठेवून येतात.

"यात काहीतरी गोम आहे," मी ह्यांना म्हटलं. "टॅक्स चुकवत असणार मेला."

"तू आधी भाजीकडे बघ, करपतेय," हे म्हणाले.

एकदा पारनेरकडचा एक शेतकरी आला. "वसंतराव हायेत का? पुस्तकात लिवलंय तसंच केलं समदं, पन बोकड लई मारका निघाला!"

नाना एका पायात चप्पल घालून धावत बाहेर आले. कान बघितला. "वसंतराव बाहेरगावी गेलेत. येतील. आत या, चहा घ्या." मग वरून डॉक्टरांना बोलावलं. मी दाराच्या भिंगातून सगळं बघितलं. तिकडे माझं दूध उतू गेलं, ते वेगळंच.

आणि एके दिवशी नाना माझ्याच दारात. "वहिनी, लोणच्यांवर एक पुस्तक लिहा की."

मी हरखलेच. म्हटलं, कुणाला तरी किंमत कळली.

"नाव मात्र वसंतचं घालायचं."

झालं! माझं डोकंच फिरलं. "वा रे वा! लोणचं माझ्या सासूबाईंचं, हात माझे, आणि नाव त्या वसंताचं? कोण हा वसंत? मुळात आहे तरी का?"

नाना खुर्चीत बसले.

"धाकटा भाऊ माझा," ते म्हणाले. "कॉलेजात असताना कथा लिहायचा. तू छापखान्यात आहेस, माझं पुस्तक काढ, म्हणून मागं लागला होता. मी चार लोकांत हसलो. म्हटलं, तुझं नाव कोण छापणार रे? दुसऱ्या दिवशी घर सोडून गेला, तो गेलाच."

"आणि कान?"

"लहानपणी पोपट चावला होता. डावी पाळी फाटलेली आहे. तोंड आता ओळखू नाही यायचं, वहिनी. कान येईल."

"अहो, मग त्याच्या कथाच छापायच्या! शेळ्या कशाला?"

"कथा तो बरोबर घेऊन गेला. आणि आता काय वाचत असेल, मला काय ठाऊक? शेळ्या पाळत असेल. साखर वाढली असेल. नातीला भाषण हवं असेल. कुठलं तरी एक पुस्तक हातात पडेलच की. स्वतःचं नाव बघेल. निदान भांडायला तरी येईल."

एवढे दिवस मी ह्या माणसाला चोर म्हणत होते.

"त्याला कुठलं लोणचं आवडायचं?" मी विचारलं.

"लिंबाचं. गोड."

पुस्तक मी लिंबापासूनच सुरू केलं.

परवा नाना राहात्याला गेले होते. त्यांच्या दाराची बेल वाजली म्हणून मी बाहेर आले. पिकल्या केसांचा, उंच माणूस, कानाला मफलर, हातात माझं लोणच्यांचं पुस्तक. "वसंत हिरडे इथंच राहतात ना?"

"मफलर काढता का जरा? आता उजवीकडे बघा."

गोंधळून त्यानं बघितलं. डावा कान अगदी धडधाकट होता.

"वसंतराव बाहेरगावी गेलेत," मी म्हटलं. "येतील. आत या, चहा घ्या."