अत्यावश्यक माणूस

राष्ट्राला ज्याची नितांत गरज असते, त्याला पगाराची गरज नसते. वॉशिंग्टनमध्ये दोन पक्षांच्या भांडणात अंदाजपत्रक अडलं की हे तत्त्व अमलात येतं. बिनमहत्त्वाच्या कर्मचाऱ्यांना घरी बसवून त्यांचा पगार थांबवतात. अत्यावश्यकांचा मान राखून त्यांना कामावर ठेवतात आणि मग पगार थांबवतात. (खासदारांचा पगार राज्यघटनेनेच चालू ठेवलाय. त्या बिचाऱ्यांचा नाइलाज आहे.)

वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरातल्या आमच्या केंद्रीय तुरुंगात आम्ही सगळे पहारेकरी अत्यावश्यक. माझा जोडीदार वेंडेल हॉस्किन्स जरा जास्तच, कारण त्याचं घर डोंगरापलीकडे आणि गाडी पेट्रोल पिणारी. पंधरवड्याचा दुसरा पगारही बुडाला तेव्हा टाकीत घरी जाऊन येण्यापुरतंच पेट्रोल उरलं. ते त्यानं शुक्रवारच्या सुट्टीसाठी राखून ठेवलं. शुक्रवारी त्याच्या रूथीच्या शाळेत 'गणवेशातल्या वीरांचा दिवस' होता, आणि बाबा येणार म्हणून पोरगी वर्गभर सांगत सुटली होती.

तोवर तो आवारात गाडीतच झोपू लागला. अधीक्षकांनी हरकत घेतली, की नियमाप्रमाणे इथे मुक्काम फक्त कैद्यांना करता येतो. माणूस दयाळू, त्यांनी एक रिकामी कोठडी दिली. कोठडीला नंबर असतो आणि नंबराला जेवण असतं, त्यामुळे वेंडेल महिन्याभरात पहिल्यांदाच पोटभर जेवला. दिवसा पहारा, रात्री कोठडी. कैदी पळण्याचं प्रमाण या काळात निम्म्यावर आलं (आधीही शून्यच होतं).

शेजारच्या कोठडीत बँक बुडवून आलेला कोवाल्स्की. तो भांडी घासायचा. कैद्यांची मजुरी वेगळ्या निधीतून निघते, म्हणून अख्ख्या इमारतीत कमावते तेवढेच.

"साहेब, माझ्याकडून घ्या की उसने. व्याजाचं नाव काढणार नाही, त्या नादातच आत आलोय."

"कैद्याकडून पैसे घेणं गुन्हा आहे रे."

"मग झकासच. शिक्षा झाली की तुमचीही मजुरी सुरू."

वेंडेल हसला नाही. मला मात्र वॉशिंग्टनच्या दोन्ही पक्षांना त्या कोठडीत कोंबावंसं वाटलं.

शुक्रवारी सकाळी दोघा पहारेकऱ्यांनी आजारी असल्याचं कळवलं (एक टॅक्सी चालवत होता, दुसरा पिझ्झा पोचवत होता). उरलेल्यांना, सुट्टीवाल्यांनाही, जादा पाळी लागली. नकार दिला तर बडतर्फ. वेंडेल गणवेश इस्त्री करून बसला होता; तो त्याच गणवेशात पहाऱ्यावर गेला.

पुढचं त्याच्या बायकोनं, डार्लीननं सांगितलं. रूथी सभागृहाच्या दारापाशी उभी राहिली ती तिथून हलेना. मुख्याध्यापिकेनं जाहीर केलं की वीर कर्तव्यावर आहेत. अख्खं सभागृह उठून उभं राहिलं आणि रिकाम्या खुर्चीसाठी टाळ्यांचा कडकडाट झाला. तेवढ्यात मुख्याध्यापिकेनं पहारेकऱ्यांच्या पेट्रोलसाठी डबा फिरवला, तो रिकामा गेला तसाच परत आला. यात कुणाचाच दोष नाही. वाचकहो, तुम्ही तर पुढच्याच रांगेत होतात, तुम्हाला ठाऊक आहे: टाळ्या वाजवणाऱ्या माणसाला खिशात हात घालता येत नाही.