वळणावरचे गोटे

टेम्पोचे मागचे चाक बसले ते नेमके वळणावर. चंद्रपूरहून मूलला जाताना जंगलात रस्ता एकाएकी डावीकडे वळतो आणि सागाच्या झाडांमुळे पलीकडचे काही दिसत नाही, तिथे. धनत्रयोदशीची सकाळ होती. २००५ साली दिवाळी आणि रमजान ईद एकाच आठवड्यात आली होती, त्यामुळे ज्याच्याकडे चाके होती तो प्रत्येक जण रस्त्यावर होता आणि प्रत्येकाला उशीर झालेला होता.

नूर मोहम्मदने जे कोणताही ड्रायव्हर करतो तेच केले. रस्त्याच्या कडेचे मोठाले गोटे उचलून टेम्पोच्या मागे, वळणाच्या अलीकडे मांडले आणि त्यांत ऐनाची एक पालेदार फांदी खोचली. म्हणजे चंद्रपूरकडून येणाऱ्याला आधीच कळावे की पुढे गाडी उभी आहे. इतक्या वर्षांत त्याच्या चाकाखाली कोणाची कोंबडीसुद्धा आली नव्हती, आणि ते तो रोज्याच्या दिवसांतही थोड्या गर्वाने सांगत असे.

स्टेपनी चढली. हमाल सोमाजीने जॅक आत टाकला आणि गोट्यांकडे बोट केले.

"ते उचलाचे नाई काय, भाऊ?"

"वापस येताना उचलू. मूलचा शेठ तेलाच्या डब्यासाठी बोंबलून राह्यला असंल."

"अर्धा रस्ता अडला हाये."

"फांदी हाये ना. दिसते लोकाईले."

फांदी दिसत होती, हे खरेच. पण पुढे गाडी नव्हती.

पहिल्या ट्रकवाल्याला वाटले, इथे कोणीतरी मेले असावे. त्याने बॉनेटवरचा झेंडूचा हार काढून गोट्यांवर टाकला. दुसऱ्याने हार पाहिला आणि नारळ फोडला. सरपण घेऊन येणाऱ्या धुरपताबाईने नारळ पाहिला, मोळी खाली ठेवली, घरी जाऊन शेंदूर आणला. दुपारपर्यंत सगळ्यांत मोठा गोटा लाल झाला होता आणि त्याच्यापुढे दिवा तेवत होता.

नूर मोहम्मदला हे मूलच्या गोदामात कळले. शेजारी ट्रक रिकामा करणारा ड्रायव्हर सोमाजीला म्हणाला, "तुमी चंद्रपुराकडूनच आले ना? मंग देवापाशी थांबले का नाई?"

"कोणता देव?"

"वळणावरचा. नवा हाये, आजच निंगाला. ऐनाच्या फांदीखाली."

सोमाजीच्या वडिलांनी छप्पन साली बौद्ध दीक्षा घेताना घरातला देव्हारा उचलून ठेवला तो कायमचा. त्याने शांतपणे नूर मोहम्मदकडे पाहिले. "भाऊ, तुमच्या हातून देव झाला."

नूर मोहम्मदला हसू आले नाही. त्याची मुलगी फरहत ईदेसाठी माहेरी चंद्रपूरला यायची होती, गडचिरोलीहून, याच रस्त्याने. सातवा महिना होता. जावई जुबेर म्हणत होता, यष्टीने आणतो. पण नूर मोहम्मदनेच आदल्या दिवशी फोनवर बजावले होते, "दिवाळीच्या गर्दीत यष्टीत चेंगरून मरंल पोरगी. मोटारसायकलनं आण, हळू आण. रोजा सोडाले घरी पोचा." आता चंद्रपूरकडून येणारी प्रत्येक गाडी त्याच्या गोट्यांना चुकवण्यासाठी उजवीकडे घुसणार होती, आणि उजवीकडून वळणाआडून जी मोटारसायकल येणार होती तिच्यावर त्याची मुलगी बसलेली असणार होती.

त्याने एसटीडी बूथवरून गडचिरोलीला फोन लावला. घंटी वाजत राहिली. म्हणजे निघाले होते.

उरलेले डबे सोमाजीने एकट्याने उतरवले. टेम्पो वळणाजवळ पोचला तेव्हा उन्हे झाडांच्या शेंड्यांवर गेली होती. मूलच्या बाजूने डाव्या अंगाला दर्शनासाठी थांबलेल्या ट्रकांची रांग होती. नूर मोहम्मदने टेम्पो उजव्या अंगाला, समोरून येणाऱ्यांच्या बाजूला दाबला, चावी फिरवून बंद केला आणि धावतच वळणापलीकडे गेला.

तिथे पंधरा-वीस माणसे होती. त्याने सरळ जाऊन लाल गोट्याला हात घातला.

"ओ चाचा," पत्रू नावाचा गावातला पुढारी आडवा आला. "काय करून राह्यले?"

"हे गोटे माहे हायेत. सकाळी चाक बसलं तं मीच मांडले. उचलाचे राह्यले."

धुरपताबाई विचार करून बोलली, "बाप्पा, देव कोणाच्या हातानं येईल ते सांगता येते का?"

"बाई, देव नाई हा. गोटा हाये. तिकडच्या नालीतला."

"नालीतच होता बिचारा इतके दिवस," ती म्हणाली. "तुमी काढला. पुण्य लागंल तुमाले."

नूर मोहम्मदने मदतीसाठी मागे पाहिले. सोमाजी पुढे झाला. "तो खरं सांगून राह्यला. मी सोबत होतो. फांदी म्याच तोडली."

पत्रूने दोघांना नीट न्याहाळले. एकाच्या डोक्यावर टोपी, दुसऱ्याच्या गळ्यात निळा दुपट्टा. "म्हणजे तुमी दोघं सांगान," तो म्हणाला, "का इथी देव हाये का नाई."

गर्दीतून कोणीतरी म्हणाले, सणाच्या दिवशी कुरापत काढाले आले. आवाज मोठा नव्हता, पण नूर मोहम्मदने हात काढून घेतला.

"माही पोरगी येऊन राह्यली या रस्त्यानं," तो म्हणाला. "पोटुशी हाये. काई झालं तं?"

"देवापुढं काय होते?" धुरपताबाईने मायेने सांगितले. "उद्या पुजाऱ्याले विचारू. तो म्हणन तं बाजूले सरकवू. आज नाई हालवाचा."

तेव्हा नूर मोहम्मदने त्याला सुचले ते केले. तो वळणाच्या अलीकडे, ट्रकांच्या रांगेच्याही मागे, मूलच्या दिशेला तोंड करून रस्त्यावर उभा राहिला आणि खांद्यावरचा दुपट्टा हलवू लागला. सोमाजी त्याच्या शेजारी. जी मोटारसायकल येई तिला ते हात करून थांबवत आणि वाकून मागे कोण बसले आहे ते पाहत. सूर्य बुडाला. धुरपताबाईने त्याला गडव्यातून पाणी आणून दिले. त्याने उभ्याउभ्याच रोजा सोडला आणि दुपट्टा पुन्हा हातात घेतला.

एका मोटारसायकलवाल्याने तर न विचारता त्याच्या हातावर पाच रुपये ठेवले.

"हे काय?"

"वर्गणी. मंदिरासाठीच उभे राह्यले ना?"

"मी?" नूर मोहम्मद म्हणाला.

"बांधा बांधा. या वळणावर पाहिजेच होतं."

सोमाजीने तोंड फिरवले. त्याचे खांदे हलत होते. नूर मोहम्मद मात्र पुढच्या दिव्याकडे पाहत होता. तोही दिवा जुबेरचा निघाला नाही. त्याच्या पुढचाही नाही. अंधार दाटू लागला तसे त्याला मूलपुढच्या सावली गावापर्यंतच्या रस्त्यातला एकेक नाला आठवू लागला.

आवाज आला तो मागून. वळणाकडून. आधी ब्रेकचा, मग पत्र्याचा.

तो धावला. त्याला वाटले, गोट्यांवर कोणी आदळले. पण दिवा शांत तेवत होता आणि माणसे देवाकडून इकडेच पळत येत होती. त्याच्या टेम्पोच्या नाकाखाली एक स्कूटर आडवी झाली होती आणि रस्त्यावर एक माणूस बसला होता, उजवा पाय दोन्ही हातांनी धरून. पाय जिथे वाकू नये तिथे वाकला होता.

"पाहा," पत्रू धापा टाकत म्हणाला, "देवापाशी काई नाई झालं. वळणाच्या पल्याड झालं."

नूर मोहम्मदने खाली वाकून चेहरा पाहिला. "जुबेर? फरहत कुठी हाये?"

"तुमच्या घरी," जुबेर दात आवळून म्हणाला. "यष्टीनं आलो आमी. माह्या अम्मीनं तिले गाडीवर बसूच नाई देल्लं. दुपारीच पोचलो."

"मंग तू इथी काऊन?"

"रोजा सुटला तरी तुमचा पत्ता नाई. रडून राह्यली ती. म्हणे, अब्बाईले काई झालं असंल, पाहून या." त्याने शेजारच्या अकरमची स्कूटर आणली होती. तिचा दिवा मिणमिणता होता.

चौघांनी त्याला उचलून टेम्पोच्या मागे ठेवले. सोमाजीने तेलाच्या डब्यांचे रिकामे खोके पायाखाली सरकवले. नूर मोहम्मद त्याचे डोके मांडीवर घेऊन बसला. म्हणून चावी ट्रकवाल्यांपैकी एकाने घेतली. धुरपताबाईने आत वाकून जुबेरच्या कपाळाला हात लावला आणि ती काहीतरी पुटपुटली. तिला कोणी अडवले नाही.

टेम्पो सुरू झाला तेव्हा जुबेरने डोळे उघडले.

"तिकडचे गोटे बराबर चुकवले मी, अब्बा," तो म्हणाला. "लांबूनच दिसले. तुमी गाडीपुढं चार गोटे तरी ठेवाचे ना."