शटर कोण उचलणार?

कुलूपवाल्यांच्या दुकानाचं शटर हल्ली रोज सकाळी रस्त्यावरचं कोणीतरी उचलून द्यायचं. मुलाला हे कळलं आणि त्यानं दुकान विकायचं काढलं. "स्वतःचं शटर उचलवत नाही, बाबा. आता घरी बसा."

घरी बसायचं कसं, हे कुलूपवाल्यांना ठाऊकच नव्हतं. त्यांनी तडक डॉक्टरीणबाईंना गाठलं. बाईंनी दंड चाचपला. "आजार काही नाही. वयानं स्नायू झिजतात आणि प्रथिनं आपण ताटात घेतच नाही. प्रत्येक जेवणात अंडं, डाळ, दही, काहीतरी हवंच. आणि अंगाला काम."

शटर स्वतः उचलून दाखवायला मुलानं हिवाळा संपेपर्यंत मुदत दिली. सूनबाई दोन्ही वेळा सासऱ्यांच्या ताटात उकडलेली अंडी आणि वाटीभर दही वाढू लागली. कुलूपवाल्यांना दोन्हींचा तिटकारा. सूनबाईची पाठ वळली की सगळं बायकोच्या ताटात.

"अहो, हे तुमच्यासाठी आहे!"

"खा गं मुकाट्यानं. वाया कशाला घालवायचं?"

बायको खायची आणि भाजीच्या पिशव्या घेऊन जिने चढायची.

मुदत संपली त्या सकाळी कुलूपवाल्यांनी मुलाच्या आधी दुकान गाठलं आणि शटरच्या खाचांना डबाभर तेल पाजलं. मुलगा आला. शटर सुळकन वर गेलं.

"बघितलंस?" म्हणत ते मुलाला घेऊन आत शिरले. शटर तितक्याच सुळकन खाली आलं, दाणकन आदळलं आणि तिरकं होऊन अडकलं.

मुलानं जोर लावला, त्याच्या पाठीत उसण भरली. बाहेर कोणीतरी ठोकू लागलं. "अहो कुलूपवाले, पेटी उघडून हवी होती!"

"आधी आम्हाला उघडा!" मुलगा ओरडला.

गिऱ्हाईक दोनदा कुंथलं. "नाही हो झेपत."

मुलानं घरी फोन लावला. "आई, कोणीतरी दणकट माणूस पाठव."

थोड्या वेळानं बाहेरून आवाज आला, "सरका मागे."

"आई, कोणाला आणलंस?"

"मीच आलेय."

फटीतून आधी बोटं दिसली, मग चपला, मग सकाळचं सगळं ऊन एकदम आत आलं. दोन्ही हात वर धरून ती उभी होती. धापसुद्धा लागली नव्हती. मुलगा कण्हायचं विसरला. इतक्या वर्षांच्या संसारात कुलूपवाल्यांनी बायकोचे दंड आज पहिल्यांदा पाहिले, आणि पाहतच राहिले.

"आई, हे कसं काय?"

"ह्यांचं जेवण मानवलं मला."

मुलानं बापाकडे पाहिलं. बापानं जमिनीकडे. "मग आता दुकान..." ते पुटपुटले.

"विकायचं कशाला?" मुलगा म्हणाला. "शटर उचलणारं माणूस घरात आहे की."

कुलूपवाल्यांचा जीव भांड्यात पडला. ते आपल्या खुर्चीकडे वळले, तर शटरला आकडा लावून तिथं ती आधीच बसलेली. ते निमूटपणे गिऱ्हाइकांच्या स्टुलावर टेकले.

गिऱ्हाइकानं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि पेटी तिच्यापुढे ठेवली.

"बोला," तिनं बाह्या वर सारल्या. "काय उघडायचंय?"