मास्तरांचा न गळणारा सूट

“पाण्याचा एक थेंब आत जाणार नाही,” असं मास्तरांनी जाहीर केलं, तेव्हा दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. ऐकायला फक्त मास्तरीणबाई होत्या. पण मास्तरांना श्रोता एकच पुरायचा.

मास्तर शिंपी. ते कापायचे, बाई शिवायच्या; लग्न झाल्यापासून दुकान असंच चाललेलं. पन्नाशी उलटल्यावर मास्तरांनी मोटारसायकल घेतली आणि लांब पल्ल्याच्या स्वारांच्या क्लबात नाव घातलं. आता क्लबाची मोठी फेरी होती. एक दिवस, एक रात्र, डोळ्याला डोळा न लावता जायचं आणि परत यायचं. वादळाची सूचना आली तशी बाकीच्यांनी अंग काढून घेतलं. मास्तरांना उलट चेव चढला.

बाईंना मागच्या सीटवर बसायचं होतं. बस, एवढंच. गाडी घरी आली त्या दिवशी मास्तरांनीच ती सीट थोपटून ‘ही तुझी’ म्हटलं होतं. त्यानंतर बाईंची मजल भाजीबाजारापलीकडे काही गेली नव्हती. या खेपेला त्यांनी धीर करून विचारलं, तर मास्तर म्हणाले, असल्या हवेत तुला कुठे नेऊ, पुढच्या वेळी नक्की.  बाई त्यांच्यासाठी पावसाचा सूट शिवायला बसल्या.

कापड ताडपत्रीसारखं जाड. शिवणीवर शिवण, वरून मेण. बूट पायांना जोडलेले, हातमोजे बाह्यांना. समोर चेन नको, चेन गळते, असा मास्तरांचा हुकूम. मग निघायच्या सकाळी बाईंनी त्यांना सूटमध्ये घातलं आणि पोत्याचं तोंड शिवतात तशी समोरची शिवण अंगावरच घातली.

“अहो, आणि मध्येच जायचं झालं तर?”

“स्वाराला मनोनिग्रह असतो,” मास्तर म्हणाले.

राहता राहिला गळा. गिऱ्हाईक कोणी का असेना, गळ्याला दोन बोटं जागा सोडायची हा दुकानाचा नियम. बाईंच्या हातांनी ती सवयीने सोडली. मास्तरांनी मोज्यासकट बोटं घालून बघितली आणि पसंतीची मान हलवली. दोघांपैकी एकाच्याही डोक्यात काही आलं नाही.

वादळाने त्यांना घाटात गाठलं. पाणी हेल्मेटवरून ओघळलं आणि त्या दोन बोटांतून आत शिरलं. शिवण मात्र पक्की! थेंब आत न घेणारा सूट आत आलेला थेंब बाहेरही सोडेना. आधी घोटे बुडाले, मग गुडघे. चढावर पाणी पाठीकडे जायचं, ब्रेक दाबला की पोटाकडे यायचं. अर्ध्या वाटेवरच्या पेट्रोलपंपावर मास्तरांनी पाय टेकला आणि भरलेलं पिंप कलंडावं तसे सावकाश आडवे झाले.

क्लबाचे अध्यक्ष, म्हणजे एक दातांचे डॉक्टर, तिथे मोटार घेऊन थांबले होते. ते आणि पंपावरची पोरं, अशा चौघांनी मिळून मास्तरांना उभं केलं. डॉक्टरांनी कात्री आणली, तर मास्तर थरथरत का होईना, पण गरजले, “खबरदार! हिच्या शिवणीला कात्री लागायची नाही. उसवेल तर हीच उसवेल.”

डॉक्टरांनी दुकानात फोन लावला. म्हणाले, मास्तर सुखरूप आहेत, पण भरलेत.

बाईंनी दुकान बंद केलं, ब्लेड आणि कोरडे कपडे घेतले आणि त्याच वादळात बसने निघाल्या. पोचल्या तेव्हा मास्तर टायरमध्ये हवा भरायच्या यंत्राला टेकून उभे होते. दात असे वाजत होते की डॉक्टरांची नजर राहून राहून त्यांच्या तोंडाकडे जात होती.

बाईंनी घोट्याची शिवण उसवली. लोंढा आला तो पंपभर पसरला. मनोनिग्रहाचं कोणी विचारलं नाही.

“तू मागे असतीस,” मास्तर हळूच म्हणाले, “तर गळा दाबून धरला असतास.”

“धरला असता,” बाई म्हणाल्या. दोन्ही अर्थांनी नव्हे, एकाच. पण डॉक्टर मात्र खोकले.

इंजिनात पाणी गेलं होतं. गाडी टेम्पोत चढवून दोरखंडांनी बांधली. ड्रायव्हरने बाईंना पुढे आपल्याशेजारी बसायला सांगितलं. बाईंनी एकदा त्या जागेकडे बघितलं, एकदा गाडीकडे, आणि पदर खोचून मागे चढल्या. मोटारसायकलच्या मागच्या सीटवर बसल्या. मास्तर निमूटपणे पुढच्या सीटवर बसले आणि हँडल धरलं. वर ताडपत्री तडतडत होती. वळण आलं की मास्तर झुकायचे, बाईही झुकायच्या. गाडी बांधलेलीच होती.

पुढे मास्तरांचे गुडघे गेले, मग गाडी गेली, मग मास्तर.

अजून कोणी विचारलं तर बाई सांगतात, आम्ही दोघं एकदा मोटारसायकलवरून लांब गेलो होतो, भर वादळात. टेम्पोचं तेवढं सांगायचं राहतं.